काळी टेप

पॅनेलचं दार उघडून भरमा बाजूला झाला.
"बघ गे. ह्या आठवड्यात दोनदा ट्रिप झालंय."

उद्यमबाग, जानेवारी,
रात्रपाळीचा चहा नुकताच फिरून गेलेला.
मी कॅमेरा उचलला आणि पडद्यावर
सगळं पॅनेल पेटलं: जांभळं, नारिंगी, कडेला पांढरं.
भरमा मागे सरकला. "जळतंय की हे!"

जळत काही नव्हतं. कॅमेरा ऑटोवर होता.
ऑटोला समोर जे असेल त्यातलं
सर्वांत गार ते निळं, सर्वांत गरम ते पांढरं करायचं असतं,
मग मधे दीड अंश का असेना.
माठाला टेकवून ओला पंचा ठेवा,
त्यातही तो वणवा काढून दाखवेल.

मी स्केल हाताने बांधलं. खाली वीस, वर एकशे वीस. कुलूप.
वणवा गेला.
उरलं रोजचं पॅनेल, वायरींचा गुंता,
कुणीतरी आत विसरलेला एक पाना.

"रंग गेला की सगळा," भरमा म्हणाला.
"मालकाला तांबडं दाखवावं लागतंय.
राखाडीला पैसे सोडत नाही तो."

बसबारवर मात्र एक फिकट डाग होता.
मी डावीकडे झुकले, डागही झुकला.
मान वाकडी केली.
डागाला कान होते.

घासलेलं तांबं आपला ताप सांगत नाही,
विचारणाऱ्याचाच परत करतं.
कॅमेरा म्हणत होता एकतीस. माझंच एकतीस.
एमिसिव्हिटी ओढली खाली,
पंच्याण्णववरून वीसवर, दहावर, आठवर;
आकडा उड्या मारत सुटला,
त्यातला एकही तांब्याचा नव्हता.

"गार दाखवतंय, खरं वास येतोय गे जळका."
बेळगावात आम्ही 'पण'ला 'खरं' म्हणतो.

सप्लाय बंद.
भट्टीकडून इरण्णा ओरडला, "एष्ट होत्त री?"
"हत्त निमिष!" भरमाने ओरडून सांगितलं,
आणि त्याच श्वासात मला, "पंधरा तर लागतील."
तिन्ही सांध्यांशेजारी काळ्या टेपचे तुकडे चिकटवले,
नखाएवढे.
सप्लाय चालू. मग नुसतं थांबायचं.
टेपला तांब्याइतकं तापायला वेळ द्यायचा.

थांबल्या थांबल्या भरमा मेनू चाळत बसला.
भाषांची यादी: फिनिश, हंगेरियन, तुर्की,
बोट खाली, खाली, एकवीस.
"आपली नाही गे ह्यात?"
कुठली आपली, ते मी विचारलं नाही.
घरी तो आईशी एक बोलतो, बायकोशी दुसरी,
मशीनला शिव्या दोन्हीत देतो.

पहिला तुकडा चव्वेचाळीस.
दुसरा सेहेचाळीस.
तिसरा, निळ्या फेजचा, एकशे सात.
टेपच्या कडेला लागून उघडं तांबं: चौतीस.
मधे केसाचं अंतर.

पुन्हा सप्लाय बंद, पुन्हा इरण्णा.
नट अर्ध्या आट्याने ढिला होता.
"एवढंच?" भरमा म्हणाला, जरा निराश झाल्यासारखा.

मग त्याने दार लोटलं
आणि तळवा टेकवून घटकाभर उभा राहिला, दम खात.
हात काढला. कॅमेरा मी अजून धरलेलाच.
वीस ते एकशे वीसमध्ये दार नुसतं दार.
कुलूप काढलं. स्केल चार अंशांवर आणलं,
आणि मालकाची आवडती रंगीत पट्टी लावली.

निळ्या दारावर पांढरा पंजा:
अंगठा, तीन बोटं,
करंगळीच्या जागी एकच पेर.
सात वर्षं ह्या हातातून चहा घेतलाय मी.

पंजा कडेकडून विरत चालला होता.
रिपोर्टात चौदा चित्रं जातात. हे पंधरावं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दोष नाही.