बाकी एक

कागदाची गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात
मी पन्नाशीला टेकले होते.
आता त्याच इमारतीत, त्याच खिडकीशी बसून
कुठे किती यंत्रं उभी राहावीत
ते ओळीओळीने लिहून देते.
लिहिलं की ती उभी राहतात.
न लिहिलेलं उभं राहत नाही.

आज यंत्रं सात होती, दालनं तीन.
मी लिहिलं: सात भागिले तीन.
भाषा म्हणाली, दोन.
ना दशांश, ना कुरकुर.
पूर्णांकांची भाषा ही,
सव्वादोन, अडीच तिच्या कानावरून गेलेले नाहीत.
दालनामागे दोन, सहा उभी राहिली,
आणि पडद्यावर हिरवी ओळ आली: सगळं यथासांग.
चूक असती तर लाल झालं असतं.

गिरणीत मी मोजणी खात्यात होते.
पाचशे ताव, एक रीम.
रिमा बांधून झाल्या की जे उरायचे,
कधी चाळीस, कधी तीनशे ब्याण्णव,
ते वहीत वेगळ्या रकान्यात.
मुकादम तायस्तो त्या रकान्यावर बोट ठेवायचा,
"हे कुणाचे?"
कुणाचेच नसत. म्हणून मी घरी न्यायचे.
माझी वेन्ला त्यांवरच चित्रं काढायला शिकली.
एका कडेला किंचित तिरपे कापलेले ताव,
तिच्या चित्रातली घरंही त्याच बाजूला कललेली.

एल्यास सव्वीस वर्षांचा. त्याला म्हटलं,
दहाला तीनने गुण, मग चारने भाग.
सात.
आता आधी चारने भाग, मग तीनने गुण.
सहा.
तो म्हणाला, एकाने काय होतंय?

शेवटच्या आठवड्यात पत्रं वाटली तेव्हा
कुणीतरी आधी भागलं होतं.
तीन पाळ्या, प्रत्येकीतून सारखी माणसं ठेवायची,
सारखी काढायची.
तायस्तो कुठल्याच पाळीत पुरा बसत नव्हता,
दोन रात्री इकडे, तीन दिवस तिकडे.
त्याला काढल्याचं पत्र आलं नाही,
ठेवल्याचंही नाही.
पंधरा दिवस तो डबा घेऊन फाटकाशी येत राहिला.
हे मी एल्यासला सांगितलं नाही.
म्हटलं, कंस घालायला शीक.

बाहेर उणे सात.
उणे सातला तीनने भागलं तर
ही भाषा म्हणते उणे दोन,
शून्याकडे सरकून घेते,
फिनलंडात शेगडीकडे सरकतात तसं.
तेवढं एक मला तिच्यातलं आवडतं.

टक्क्याचं चिन्ह इथे टक्का नसतं.
तिरकी रेघ, अल्याड एक गोळा, पल्याड एक,
अर्थ इतकाच: उरलं किती ते बोल.
मी लिहिलं: सात, ते चिन्ह, तीन.
भाषा तितक्याच निर्विकारपणे म्हणाली, एक.
तिला ठाऊक होतं.
मीच विचारलं नव्हतं.

मग लिहिलं: ज्या दालनाचा क्रमांक बाकीहून लहान
त्याला एक जास्त.
दालनं शून्यापासून मोजतात इथे;
शून्य एकाहून लहान, म्हणून शून्याच्या पदरात सातवं.
एल्यास म्हणाला, पहिल्यावरच भार का?
खरं आहे. कुणावर तरी येतोच.

चार मिनिटांनी ते गुरगुरू लागलं.
इथली ऊब नळांतून नदीपलीकडच्या घरांत जाते.
तायस्तो तिथेच राहतो, तिसऱ्या मजल्यावर.
हजारांतलं एक यंत्र,
त्याच्या भिंतीला कुठलं कळणार.

ओळीशेजारी मी टीप लिहिली,
यंत्र वाचत नाही, माणूसच वाचतो अशी:
बाकी विचारल्याशिवाय सांगत नाही.
एल्यासने त्यावर बोट ठेवलं,
"हे कुणासाठी?"

कुणासाठीच नाही, म्हटलं.
राहू दे.