उंचीचा रकाना

उम्म अल कुवैनच्या खाडीत
तिवराला कुर्म म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कासवच दिसलं,
पाय आत ओढून बसलेलं,
पाठीवर मीठ वाळलेलं.

माझं काम सांगायला सोपं.
सरकारी योजनेतली झाडं
आंतरराष्ट्रीय कराराच्या तक्त्यात बसवायची.
योजना म्हणते, लावली.
करार विचारतो, जगली?
दोन्ही क्रियापदं भूतकाळी,
पण त्यांच्या मधे तीन उन्हाळे गेलेत.

तक्त्यातला चौथा रकाना उंचीचा.
वन म्हणजे पाच मीटर,
किंवा तेवढं वाढायची कुवत.
उबैद साहेबांनी चष्मा कपाळावर सारला:
कुवत कुणाची मोजायची, झाडाची की पाण्याची?
मी उत्तर दिलं नाही. भरतीची वेळ पाहिली.

मोतालेब चिखलात पुढे,
हातात खुणा केलेला प्लास्टिकचा पाइप.
दोन मीटर दहा. एक नव्वद.
दोन मीटर, आणि ही फांदी धरायची का, दीदी?
तो साताखिऱ्याचा. तिकडचं जंगल त्याला पाठ.
म्हणाला, आमच्याकडे झाडाआड वाघ मावतो,
इथे कोल्ह्यालाही ओणवं व्हावं लागतं.
आणि हसता हसता
पायाखालची श्वासमुळं चुकवत राहिला,
झोपलेल्या माणसांच्या बोटांवरून जावं तसा.

रात्री दोनला तक्त्याची तळटीप सापडली.
मुंगीएवढं अक्षर:
भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं झाड
कितीही बुटकं असो, वनातच धरावं.
मी एकटीच खुर्चीत मागे रेलले.
कुणीतरी, कुठल्यातरी बैठकीत,
जेवायची सुट्टी लांबवून
या बुटक्यांसाठी भांडलं असणार.

पण पाचवा रकाना होताच.
बँकेच्या लोकांनी पांढऱ्या टोप्या घालून
लावलेला पूर्वेचा तुकडा.
शेजारी गाळ उपसणारं यंत्र आलं,
गाळ मुळांवर बसला,
झाडं श्वास घ्यायची राहिली.
योजनेत चाळीस हजार.
आम्ही दोघांनी नऊ दिवस मोजली:
अकरा हजार दोनशे साठ.
शेवटची साठ मोतालेबने दोनदा मोजली,
त्याला आणखी हवी होती.

मला हे मोजायचा हक्क आहे का,
हा रकाना तक्त्यात नाही.
आमच्या खाजणात वडलांनी तिवर कोयत्याने साफ केली,
कोळंबीचं तळं खणलं.
त्या तळ्याच्या पैशावर माझं वनस्पतिशास्त्र झालं.
चौथ्या वर्षी कोळंबीवर पांढरे ठिपके आले,
तळं गेलं. पदवी राहिली.
इथली नोकरी लागली तेव्हा फोनवर म्हणाले,
तिवर लावायला पगार देतात?
आणि इतके हसले की खोकला लागला.

गुरुवारी उबैद साहेबांनी आकडा वाचला.
बराच वेळ पंखाच ऐकू येत होता.
मला वाटलं, आता योजनेचाच आकडा लिही म्हणतील.
ते म्हणाले, शेऱ्यात पुन्हा लावू असं लिहू नका,
ते आपण तीनदा लिहिलंय.
लिहा, पाण्याची वाट मोकळी करू.
आणि हळूच, अरबीत, बहुतेक स्वतःशी:
आमचे आजोबा इथे उंट चारायला आणत,
ओहोटीला.
मग सही केली, शाई वाळेतो फुंकर घालत राहिले.

रविवारी घरचा फोन.
अमावास्येच्या उधाणाने तळ्याचा बांध फुटला.
बुजवायला मजूर मिळेना, मिळाला तरी परवडेना.
असू दे म्हटलं, वडील म्हणाले.
मग जरा थांबून,
चोरी सांगावी तशा आवाजात:
तिवर आलीय गं. आपणच. कुणी लावली नाही.

उंची किती?
तोंडातून गेलंच.

गुडघ्याला लागते, म्हणाले,
आणि चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला.