अजून वैध नाही

पावणेतीन. शाहूपुरी, गूळ बाजार, वरची खोली.
काट्याची सेवा बंद. पावत्यांची बंद.
लाल अक्षरांत एकाखाली एक
अपयशी, अपयशी, अपयशी.

सात वाजता सौदा. खाली ट्रक लागलेत,
पोत्यांत रवे घाम धरून बसलेत.
ऐनुद्दीन जमादारांनी चहा आणून ठेवला.
"जमंल न्हवं?"
"बघतो की," मी म्हणाले.
(पुण्याच्या कंपनीत यावर हसले होते.
आमच्याकडं पोरीसुद्धा बघतोच म्हणतात
आणि मग बघतातच.)

पावत्या काट्यावर अडल्यात. काटा नोंदवहीवर.
नोंदवही म्हणते, ओळखपत्र पटत नाही.
सगळ्यांना एकदम उठवून बघितलं,
मग एकेकाला, मग शिव्या देऊन.
तीन सेकंद उभं राहतं, परत बसतं.

एका जुन्या फाईलीच्या माथ्यावर सापडलं:
'हितं हात लावायच्या आधी फोन कर. भूपाल चौगुले.'
खाली नंबर.
लावला, सव्वातीनला.
गडहिंग्लजच्या कुणीतरी उचलला.
"बाई, ह्यो नंबर आता माझा हाय. तुम्ही तिसऱ्या.
बंद करून चालू केलं का?"
केलं.
"मग लाईट गेलती का, बघा."

गेली होती. संध्याकाळी, दीड तास.
आणि मग दिसलं,
रात्रभर प्रत्येक चुकीच्या डाव्या कडेला होतं ते,
मी नुसत्या चुकाच वाचत बसलेले:
तारीख.
मार्च दोन हजार एकोणीस.

आतला बटणाएवढा सेल संपलेला.
मशीन आपल्या जन्माच्या दिवसाशी जाऊन बसलेलं.
ओळखपत्र गेल्या वर्षीचं. 'अजून वैध नाही', ते म्हणत होतं,
आणि त्याच्या जागी ते बरोबर होतं.

त्याच्या लेखी पंचगंगा पात्रातच होती.
ऑगस्ट यायचा होता.
भूपाल सरांनी हेच मशीन गुळाच्या पोत्यात गुंडाळून
डोक्यावर घेतलं नव्हतं,
जिन्यात त्यांचा चष्मा पाण्यात पडला नव्हता,
आणि तो नंबर त्यांचाच होता.

मी जरा वेळ कर्सर लुकलुकू दिला.

मग सेल. पहाटे चारला कुठलं दुकान?
जमादार काही न बोलता खाली गेले,
नमुना तोलायच्या लहान काट्याचं झाकण उघडून
त्यातला घेऊन आले. बसला.

तारीख हातानं घातली. वर्ष, महिना, दिवस, मिनिटं.
एका ओळीत एवढी वर्षं. एंटर.
नोंदवही उठली. तिच्यामागं काटा. मग पावत्या,
सवयीच्या असल्यासारख्या.

खाली पहिला रवा चढला. एकोणतीस किलो आठशे.
मी भूपाल सरांच्या ओळीखाली लिहिलं:
'नंबर बदललाय. पहिलं घड्याळ बघ.'
त्याखाली माझा नंबर घातला, खोडला,
परत घातला.