मनाला वाटेल तेवढं

गेन्शो गुरुजी,
मेल्यावर माणसाला नवं नाव लागतं
हे मला मान्य आहे.
जुनं नाव बिलांवर फार झिजतं.
त्या नव्या नावाचं काय द्यायचं, मी विचारलं,
तर तुम्ही तळहात मांडीवर पालथे ठेवून
स्टोव्हकडे बघत म्हणालात,
"मनाला वाटेल तेवढं."

तेव्हापासून झोप नाही.
सोमवारी मनाला वाटतं पन्नास हजार येन,
मंगळवारी वाटतं, एवढ्यात गाव काय म्हणेल,
नि बुधवारी पहाटे वाटतं,
बेचाळीस वर्षं ज्याच्या अंगाला डिझेलचा वास आला
त्याच्यासाठी नाव विकत का घ्यायचं?
होतं की त्याला एक.

शेजारच्या नोबुएला विचारलं, तू किती दिलंस.
"रीतीप्रमाणे," म्हणाली.
रीत कुठे लिहिलीय ते कुणी सांगत नाही.
सेंदाईहून धाकट्या जावेनं कळवलं,
तिकडे देवळात छापील पत्रकच मिळतं:
सहा अक्षरांचं नाव इतके लाख,
नऊ अक्षरांचं इतके,
कार्ड चालतं.
मी कानांवर हात ठेवले.
आणि रात्री, खोटं कशाला बोलू,
मला त्या पत्रकाचा हेवा वाटला.
मासळीवाली भाव सांगते, मी घासाघीस करते,
दोघी हसतो, घरी जातो.
फुकटाशी घासाघीस कशी करायची?

रविवारी पहाटे तुम्ही आम्हाला श्वास मोजायला शिकवता.
दाराशी लाकडी वाडगा, वर निळं फडकं,
कुणी काय टाकलं ते दिसू नये म्हणून.
पण नाणं वाजतं, गुरुजी.
नोट वाजत नाही.
दहा वर्षं मी दहापर्यंत मोजायला बसतेय
आणि तीनवर पोचायच्या आत
मागून येणाऱ्याचं नाणं मोजतेय.

काल ह्यांची वही उघडली.
बोटींची इंजिनं, पंप, कुणाचा जनरेटर,
वायसरचाही भाव लिहिलेला.
एका पानावर देऊळ:
बर्फ उडवायचं यंत्र. पट्टा नवा. प्लग दोन.
मजुरी अर्धा दिवस.
आणि रकमेच्या रकान्यात जाड अक्षरात,
"त्यांच्या मनाला वाटेल तेव्हा."
अकरा वर्षांपूर्वीची तारीख.
पुढे काही नाही.

ती वही घेऊन आज भांडायला आले होते, कबूल.
तुम्ही पान वाचलंत. कान लाल झाले.
आतून बिस्किटांचा डबा आणलात,
त्यात रॉकेलची बिलं,
छपराचं अंदाजपत्रक,
शाळेची बस चालवता त्या पगाराची चिठ्ठी.
"आकडा सांगायची लाज वाटते," म्हणालात.
"वडील म्हणायचे, धर्माला भाव लावला
की त्याची भाजी होते."
मी म्हटलं, भाजी काय वाईट?
तुम्ही हसला नाहीत.
"आणि ज्याच्याकडे आकडाच नाही
त्यानं दारात यायचं कसं?"

वही माझ्या मांडीवर उघडीच होती.
बराच वेळ स्टोव्ह टिकटिकत राहिला.

मग तुम्ही पेन्सिलीनं आकडा लिहिलात,
खोडलात, परत लिहिलात.
मी त्यातून पट्टा आणि दोन प्लग वजा केले.
मजुरी नाही केली.
त्याच कागदाच्या पाठीवर तुम्ही नाव लिहिलंत.
त्यात समुद्र होता, तो मला वाचता आला.
शेजारच्या अक्षराचा इथे अर्थ काय, विचारलं.
"दुरुस्ती," म्हणालात. "साधनेलाही हेच अक्षर लागतं."

मी बूट घालेपर्यंत अंगणात तुम्ही
त्या यंत्राची दोरी ओढत होतात.
एक. दोन. तीन.
चौथ्याला माझ्याच्यानं राहवलं नाही,
ओरडून सांगितलं,
आधी चोक ओढा, गुरुजी.