घोडं पेंड खातं तिथं

नारिनच्या वरच्या अंगाला आमची शाळा.
बारा मुलं, एक शेगडी,
आणि जिल्ह्याच्या कचेरीतून आलेलं स्टॉपवॉच.
मिनिटाला किती शब्द, तो आकडा रकान्यात भरायचा,
दर महिन्याला कागद खाली पाठवायचा.

बेक्तुर एकशे अठरा वाचायचा.
टाच मारल्यासारखा सुटायचा पहिल्या ओळीवरून,
स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळी कुंपणं उडी मारून पार,
आणि पानाच्या तळाशी धापा टाकत उभा.
एकदा सहज विचारलं,
काय पाहिलंस रे वाटेत?
तो पुन्हा पुस्तकात बघायला लागला.
पुस्तक मिट. तू काय पाहिलंस?
"काही नाही, एजे."

इथंच घोडं पेंड खात होतं
आणि मी वीस वर्षं त्याचा वेग मोजत होते.

स्टॉपवॉच खडूंच्या डब्यात गेलं.
आता एक ओळ वाचायची, थांबायचं.
पुढं काय होईल?
कुठला शब्द टोचला?
"दीपगृह" सगळ्यांनाच टोचला;
समुद्र आमच्यात कुणीच पाहिलेला नाही, मीसुद्धा.
जिरगल म्हणाली, धुकं उतरलं की काका खिंडीत
कंदील टांगून ठेवतात, तसलं का?
तसलंच, म्हटलं, फक्त मेंढरांच्या जागी जहाजं.

मग ती ओळ आली:
तिनं मेजावर दोन पेले मांडले. सकाळी एक तसाच होता.

काय झालं असेल?
"एक पेला वापरला नाही," बेक्तुर म्हणाला.
बरोबर. ते तर लिहिलंच आहे.
"पाहुण्याला चहा आवडत नसेल."
"तिला दोन प्यायचे असतील, झोप लागली."
चूक कुणालाच म्हटलं नाही.
एवढंच विचारत राहिले: कशावरून?

आयझिरेक बोट ठेवून वाचते.
मिनिटाला एकतीस.
दर वर्षी यादीत सगळ्यात खाली.
तिचं बोट अजून "तसाच"वरच होतं.
"तो आला नाही," ती म्हणाली. "आणि ती झोपली नाही."
कशावरून? पुस्तकात तर नाही.
"आमच्याकडे पण असतो एक.
बाबा मॉस्कोला गेल्यापासून
आई रोज धुते, रोज मांडते."

शेगडीत शेणी तडकली.
बेक्तुरनं मिटलेलं पुस्तक उघडलं,
चार ओळी मागं गेला,
आणि ओठ न हलवता, पहिल्यांदाच, हळू वाचत राहिला.

महिन्याचा कागद भरला.
आयझिरेक: एकतीस.
शेजारी आणखी काही लिहायला जागा नव्हती.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात. खाली कुणी वाचलं असेल
असं वाटत नाही.

शाळा सुटल्यावर बेक्तुर दाराशी घुटमळला.
"एजे, तो उशिरा का होईना, येईल ना?"
कोण, धड्यातला?
त्यानं टोपी कानांवर ओढली.
"येईल, मला वाटतं," म्हणाला, आणि बर्फात उतरला.

कशावरून,
हे मी विचारलं नाही.