लग्नाची कॅसेट, एकोणिसावं मिनिट

शाळेच्या भिंतीला चादर ठोकली,
जनरेटर तीनदा खोकला,
आणि मी चालत आले.
तेवीस वर्षांची, गळ्यात आईची पोवळी.

अख्खं गाव चटयांवर बसलेलं.
माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं.
"अवोबा, तुझ्या खांद्यामागे बघ,"
बेलेमा म्हणाली, "पाण्यात आभाळ दिसतंय."
मग सगळे माझ्या खांद्यामागेच बघत राहिले.
मला थोडा रागच आला. लग्न माझं होतं.

ओपुबो कॅमेरावाला दुपारीच ताडी ढोसून आलेला.
पाद्री आमच्याकडून वचनं घेत होते
तेव्हा हा पठ्ठ्या धक्क्यावर.
एकोणिसाव्या मिनिटाला माझा चेहरा सुटतो,
चित्र हेलकावत उतरतं
आणि दिसते खारफुटी, चिखलात पाय रोवून उभी,
मुळांना लगडलेल्या गोगलगाई,
थेंबासारख्या उडणाऱ्या निवट्या,
माझा चुलतभाऊ, नागडा, बोटाला खेकडा, बोंबलतोय.
अकरा मिनिटं.
मागे आवाज येतो तो माझ्या लग्नाचा:
आमेन, कुणाचं तरी नाक शिंकरणं,
मी हो म्हणाले तेही.
दिसतं फक्त पाणी.

मध्येच मी येते. धावत.
धक्क्याच्या कडेला वाकते, पोवळी एका हातात धरून,
आणि ओकते.
चादरीसमोर सगळे खो खो हसले.
नवरीची घाबरगुंडी, चाळीस वर्षं हेच म्हणतायत.

बाबांनी ओपुबोचे निम्मे पैसे कापले होते.
"पोरीचं लग्न सांगितलं होतं, चिखलाचं नाही."
ते पैसे अजून आमच्याकडे निघतात.
द्यायचे कोणाला?

माझ्या नातीने विचारलं, हे उडतंय ते काय?
नऊ वर्षांची आहे.
तिला खाडी म्हणजे
काडी ओढायची नाही अशी जागा.

पोर्ट हारकोर्टच्या कोर्टात
टीव्ही ट्रॉलीवर ढकलत आणला.
कंपनीचा वकील सभ्य, नखं स्वच्छ.
खाडीबद्दल चकार शब्द काढला नाही त्याने.
पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा तेवढा दाखवला:
एक जानेवारी, रात्रीचे बारा.
आणि चित्रात तर लख्ख ऊन.
ओपुबोने घड्याळ कधी लावलंच नव्हतं.
"पाइप फुटला त्याच्या आधीचं हे, की नंतरचं?
कुठल्या सालचं लग्न, बाई?"

चर्चची वही वाळवीने खाल्ली.
पाद्री गेले. ओपुबो गेला. बिओबेले,
ज्याला मी हो म्हणाले, तोही.

मागच्या बाकावर माझा तामुनोइबी,
टक्कल पडत चाललेला.
बाबा मरेपर्यंत त्याला सातमाशी म्हणत आले,
घाईचं पोर, जपा त्याला.
मी त्याच्याकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे.

"साहेब, कॅसेट मागे घ्या.
मी वाकते तिथे थांबवा.
ती घाबरगुंडी नाही.
मला तिसरा लागला होता.
मिशनच्या दवाखान्याची वही अजून आहे,
तिच्यात तारीख आहे, वजन आहे,
आठ पौंड.
सातमाशी पोर आठ पौंडांचं नसतं.
दिवस मागे मोजत या."

पंखा फिरत होता.
तामुनोइबी मांडीवर बोटं मोजत होता.
मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघतील,
म्हातारी, आणि हे असलं, भर कोर्टात.
पदर असतो तसं काही हाताला लागेना
म्हणून चष्मा पुसत राहिले.

"पुढे जाऊ द्या," न्यायाधीश म्हणाले.
चित्र सुटलं.
मी पाण्यावर वाकलेली,
आणि खालून, माझ्या तोंडातून जे पडलं त्यावर,
बोय आले. दहा, वीस, मग मोजता येईनात इतके,
एकमेकांच्या पाठीवर चढत, पाणी चुळबुळ चुळबुळ करत,
रुपेरी, अधाशी.

कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं.