काटा क्रमांक दोन

शेवटचा ट्रक उतरला त्या संध्याकाळी
महिन्याची बेरीज मी भिंतीवर लिहिली,
निळ्या ऑइलपेंटने, हातभर उंच:
७३९३९१३३.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस
किलो. ओलाव्याची कपात धरून.
पावतीपुस्तक संपलं होतं, एवढंच कारण.

सावर्ड्याच्या धक्क्यावर आता बार्ज येत नाही.
जन्मभर विटेच्या रंगाची पाहिलेली जुवारी
हिरवी झालीय, अनोळखी पाहुणीसारखी.
मी गंजलेल्या काट्याची राखण करतो.
त्याला कोण उचलून नेणार, ते विचारू नका.

ज्युलीता, कायतानची धाकटी,
दुपारी इथे गणितं करायला येते. पंखा आहे म्हणून.
एकदा भिंतीकडे बघत म्हणाली,
"अंकल, हो आंकडो मोडना."

मी हसलो. तीन भागीदार होते शेठचे,
तिघांत वाटून पाहिला: दोन किलो उरले.
सातांत दोन. अकरांत चार. तेरांत आठ.
"आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत जायचं," ती म्हणाली,
"तोवर कोण सापडला नाही, तर कोणच नाही."
जुन्या पावत्यांच्या पाठी भरत गेल्या.
चवथ गेली, फेस्त गेलं,
दर वेळी मुठीत काहीतरी राहिलंच.

त्याच साली छपराचा उजवा पत्रा उडाला.
शेवटचा तीन पापुद्र्यांनी सुटला.
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
पोरीने पेन्सिल काढली. मोडना.
आणखी एक तीन गेला.
सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव.
मोडना.
पुढचं तिने वहीतच खोडून पाहिलं,
शेपटाकडून एकेक अंक, थेट सातापर्यंत.
उरेल तो प्रत्येक मूळच.

"आणि उजवीकडे एक अंक वाढवला तर?"
ती बराच वेळ बोलली नाही.
एक लावला की तीन आत शिरतो, सात लावला तरी तीनच.
तीन आणि नऊला कुणीतरी लांबून येऊन फोडतं.
बाकीच्यांची गोष्टच नको.
"हो मुखार वचना," ती म्हणाली. "फक्त पाटीं येता."

रात्री मला झोप लागेना.
सोयरू वेळीपच्या ट्रकवर त्या दिवशी
मी एक किलो ओलावा जास्त कापला असता,
तर बेरीज सम झाली असती,
कुणीही उभी चिरली असती.

आता भिंतीवर ७३९३९ आहे.
नवा पत्रा आणून ठेवलाय, खिळेही.
शिडी लावायची की नाही,
ते अजून ठरलेलं नाही.